ज्याचं कापड त्याच्या घरी

पोळ्याला आठ-दहा दिवस उरले की आमच्या गल्लीतली पोरं झूल मागायला येऊ लागतात. कुणाचा बैल वीतभर, कुणाचा हातभर, सगळे लाकडाचे आणि चाकांवर उभे. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळा श्रावण अमावस्येला. दुसऱ्या दिवशी आमच्या शहरात सकाळी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते आणि संध्याकाळी लेकरांचा तान्हा पोळा भरतो. भोसल्यांच्या काळापासून ही रीत चालत आली आहे असं जुनी माणसं सांगतात. बैल नटवायचा, तोरणाखाली रांगेत उभा करायचा, पूजा झाली की दोरीने ओढत घरोघरी न्यायचा. घरची माणसं बैलाला ओवाळतात आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवतात. दहा रुपये असोत की पन्नास, त्या दिवशीचा बोजारा मुलं कित्येक दिवस मोजत राहतात.

बाजारात झुली मिळतात. सॅटिनवर चमकी चिकटवलेल्या. मी शिवते ती झूल जुन्या साडीच्या काठाची असते, आणि तो काठ त्या मुलाच्याच घरातला असतो. मुलाला मी सांगते, आजीला किंवा आईला विचार, फाटलेली एखादी काठापदराची साडी आहे का. ते पोर धावत जातं आणि बहुतेक वेळा आईलाच सोबत घेऊन येतं. आईच्या हातात साडी असते आणि तोंडात तिची गोष्ट. ही माझ्या डोहाळजेवणाची. ही सासूबाईंनी दिवाळीला घेतली होती, इतवारीतून. ही नेसून मी पहिल्यांदा बँकेत कामाला गेले. झुलीला लागतं फूटभर कापड, पण त्या फूटभर कापडासाठी अर्धा तास बोलणं होतं आणि मला ते बोलणं फार आवडतं.

माप बैलाच्या मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत घ्यायचं, आणि आडवं घेताना पाठीवरून दोन्ही बाजूंना पोटाच्या खाली दोन बोटं जास्त. खरी मेख वशिंडाची. विकतच्या झुली सपाट चौकोनी असतात, त्यामुळे वशिंडावर तंबूसारख्या उभ्या राहतात आणि बैल दोन पावलं चालला की घसरतात. मी मधल्या घडीवर एक उभी चीर देते, तिच्या दोन्ही कडांना तिरपी पट्टी लावते आणि वशिंड त्यातून वर काढते. झूल बसते ती बसतेच. काठ चारही बाजूंनी फिरवताना कोपऱ्यावर तो कापायचा नाही, घडी घालून मुडपायचा, म्हणजे नक्षी तुटत नाही. पोटाखाली बांधायला त्याच साडीच्या दोन नाड्या. गोंडे करायला पदराच्या दशा असतातच. मागच्या वर्षी एका पोरीने तिच्या आजोबांच्या धोतराचा लाल काठ आणला होता. तिचा बैल सगळ्या रांगेत वेगळा दिसत होता.

हे शिवणं माझ्याकडे आईकडून आलं. वडील एम्प्रेस मिलमध्ये विणाई खात्यात होते. जमशेटजी टाटांनी ही गिरणी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केली, त्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं होतं आणि त्यावरून गिरणीला एम्प्रेस हे नाव मिळालं. टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं ते इथे चहूबाजूंना कापूस पिकतो म्हणून. आमच्या घरी गिरणीचं नाव घरातल्या माणसासारखं घेतलं जाई. वडील घरी आले की त्यांच्या केसांत आणि भुवयांवर कापसाचे तंतू असत. कापडाचा तुकडा हातात घेऊन ते अंगठ्याने चोळत आणि सूत जाड की बारीक, वीण दाट की विरळ, हे सांगत. गिरणी 2002 साली बंद झाली, तेव्हा वडील निवृत्त झालेले होते. पण त्यांनी कुठलंही सुती कापड फेकू दिलं नाही, अगदी शेवटपर्यंत. ‘याच्यामागं किती माणसं राबली, तुले मालूम हाय का?’ असं म्हणत.

ते मला पुढे खरंच मालूम झालं. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की सरकी वेगळी होऊन साधारण तेहतीस-पस्तीस किलो रुई निघते. सूतकताईत त्यातला काही भाग वाया जातो. दोनशे ग्रॅम वजनाचा एक सुती शर्ट घेतला तर त्याच्यामागे शेतात वेचलेला पाऊण किलोच्या आसपास कापूस लागतो. दसऱ्यापासून पुढे थंडीभर वर्धा-यवतमाळ-नागपूरच्या शेतांमध्ये बाया कमरेला ओटी बांधून हा कापूस वेचतात. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी त्यांची बोटं ओरबाडतात. मी आजोळी ही वेचणी केली आहे, आणि पाऊण किलो कापूस म्हणजे किती बोंडं, ते माझ्या बोटांना ठाऊक आहे. म्हणून कॉलर विरली एवढ्या कारणाने शर्ट टाकून द्यायला माझं मन तयार होत नाही.

आमच्या लहानपणी जुने कपडे बोहारणीकडे जात. ती ओसरीवर टोपलं उतरवी, आई साड्या-पँटींचा ढीग मांडे, आणि एका स्टीलच्या डब्यासाठी तासभर घासाघीस चाले. ‘बाई, ही साडी तं पार गेली’ असं ती म्हणे, आणि आई साडी उजेडात धरून दाखवी की कुठे गेली आहे सांग. आईला कापडाची जी पारख होती ती मला या घासाघिशीतून मिळाली, असं मी नेहमी म्हणते.

ती पारख सांगण्यासारखी आहे, कारण जुन्या कपड्यांपासून काही करायला निघालेल्या मुलींची पहिली अडचण तीच असते. कापड आधी उजेडाकडे धरायचं. जिथून उजेड झिरपतो तो भाग सोडून द्यायचा. मग दोन्ही हातांच्या चिमटीत कापड धरून दोन्ही अंगठ्यांनी मधे दाब द्यायचा. हलकासा कर्र असा आवाज आला तर त्या कापडाचं आयुष्य संपलं, त्याचं फडकं करावं, भेट करू नये. आवाज न करता कापड तणलं तर ते आणखी बरीच वर्षं टिकेल. साडीचा कुठला भाग जातो हेही ठरलेलं असतं. बसण्याच्या जागेचा, पायाशी घासणारा आणि खांद्यावर पिन लावतो तिथला. परकरात आत खोचलेला पहिला हातभर आणि पदराचं टोक बहुधा नव्यासारखं असतं. शर्टाची कॉलर आणि कफ आधी जातात, पाठ शाबूत राहते, बटणपट्टी तर कधीच जात नाही. जीन्स गुडघ्यात आणि मांडीच्या आत विरते, पोटऱ्यांवरचं कापड मात्र अगदी दणकट.

कोशाची गोष्ट वेगळी. भंडाऱ्याकडच्या करवतकाठी साड्या आमच्या भागात लग्नाकार्यात असतातच. अंगाला टसरचा कोसा आणि काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी, जी विणकर काठाचे आणि अंगाचे धागे एकमेकांत अडकवून काढतात. ही साडी नेसून जितकी फाटत नाही तितकी कपाटात घडीवर फाटते. घडीच्या रेषेवर सरळ चीर पडते आणि बाकी सगळं उत्तम असतं. मावशीची अशी एक साडी माझ्याकडे आली. काठ हाताला असा लागत होता की कालच मागावरून उतरला असावा. त्याचे मी बटवे केले, मावशीच्या चारही सुनांसाठी. आत मऊ सुती अस्तर, कारण कोसा ओढला की शिवणीतून सरकतो, त्याला अस्तराचा आधार द्यावा लागतो. सुई अकरा नंबरची, टाका बारीक, आणि शिवण उसवावी लागणार नाही अशा बेताने आधी कच्चा दोरा. कोशावर सुईचं भोक एकदा पडलं की दिसत राहतं.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकीला बजावते. जुन्या कापडाला नवं अस्तर लावायचं तर नवं आधी दोनदा धुऊन वाळवून घ्यायचं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आटून झालेलं असतं. तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर नवं जुन्याला ओढतं, आणि जुनं शिवणीला लागून फाटतं.

आता ‘ज्याचं कापड त्याच्या घरी’ या आमच्या नियमाविषयी.

निवृत्तीनंतर आम्ही काही बायका दुपारी माझ्याकडे जमू लागलो. माझी आईच्या वेळची पायाची उषा मशीन, एकीची हातमशीन, आणि कात्र्या. उन्हाळ्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. तेव्हा आम्ही कूलर लावून खाली सतरंजीवर बसतो आणि मशीन बंद ठेवून हातशिलाई करतो, कारण कूलरच्या वाऱ्यात मशीनवरचं हलकं कापड उडतं. त्या घोळक्यात माझी एक मैत्रीण आहे, शाळेत शिक्षिका होती, राहणार नागपुरातल्याच इंदोऱ्याची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, ‘मी येते, पण माझी एक अट आहे. दुसऱ्याचं उतरलेलं कापड माझ्या घरी येणार नाही, आणि माझ्या हातून शिवलेलं तसं काही कोणाच्या घरी जाणार नाही.’

का, ते तिने समजावून सांगितलं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत असं लिहिलं आहे, आणि चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं वापरावीत असंही. हे पोथीत राहिलं नाही, गावोगावी शतकानुशतकं पाळलं गेलं. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ती पोथी जाळली गेली. त्याच परिषदेत स्त्रियांशी बोलताना त्यांनी लुगडं नेसण्याच्या रीतीबद्दल, दागिन्यांबद्दल आणि स्वच्छतेबद्दल सांगितलं, कारण माणसाच्या अंगावरच्या कापडावरून त्याला खालचा ठरवलं जात होतं. पुढे जुलै 1942 मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बाया आल्या होत्या. मैत्रिणीची आजी त्यांच्यात होती. तिथून परतल्यावर आजीने घरात एक गोष्ट ठरवून टाकली, की कोणी वापरून दिलेलं लुगडं आपण घ्यायचं नाही. आपल्या कष्टाचं, एकच असलं तरी चालेल.

मी हे ऐकलं आणि तिची अट आम्हा सगळ्यांचीच झाली. जुन्या कापडाची भेट किती गोड दिसते, पण ती कोणी कोणाला द्यायची याला फार जपावं लागतं. धुणीभांडी करणाऱ्या बाईला आपली विटलेली साडी देऊन तिचे आभार अपेक्षिणं आणि आपल्या नातवाला आपल्याच लुगड्याचं दुपटं शिवून देणं, या दोन गोष्टींत कापड एकच असलं तरी नातं एक नाही. बंगालातल्या बायका कांथा शिवतात, उत्तर कन्नडच्या जंगलात सिद्दी बायका कवंदी शिवतात, आपल्याकडे वाकळ शिवतात. जुन्या कापडाच्या या सगळ्या कामांचं मूळ आपल्या माणसाच्या अंगावर आपलं माणूस पांघरणं हेच आहे. ज्याला परक्यांपर्यंत जुने कपडे पोचवायचे आहेत त्यालाही मान राखून ते करता येतं. दिल्लीत अंशु गुप्तांनी 1999 साली सुरू केलेली गूंज ही संस्था गावकऱ्यांनी आपल्या गावासाठी केलेल्या कामाचा मोबदला म्हणून कपडे देते, दान म्हणून नाही. तो रस्ता मोठ्या संस्थेचा. आमच्यासारख्या घरगुती हातांसाठी मैत्रिणीची अट पुरेशी आहे. ज्याचं कापड, त्याच्याच घरी त्याची वस्तू.

त्याच मैत्रिणीने एका दुपारी पांढऱ्या कापडात बांधलेलं एक गाठोडं आणलं. गाठ सोडताना ती काही बोलली नाही. आत पांढरं लुगडं होतं, काळाने पिवळट झालेलं. तिची आई 14 ऑक्टोबर 1956 ला हे नेसून भंडारा जिल्ह्यातून नागपूरला आली होती. अशोक विजयादशमीचा तो दिवस. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर, जिथे आज दीक्षाभूमी आहे, बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत जमली होती. आई तेव्हा विशीतली. त्यानंतर तिने ते लुगडं दर वर्षी त्याच दिवशी नेसलं, आणि बाकी वर्षभर पेटीत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलं. आई गेल्यावर पाच भावंडांमध्ये प्रश्न आला की हे कोणाकडे राहणार.

‘पाचही जणांकडे राहू दे,’ मैत्रीण म्हणाली. ‘प्रत्येकाच्या घरी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आहे. त्याला याचं वेष्टन शिवशील?’

इतकं जपून मी दुसरं कुठलं काम केलेलं नाही. लुगडं आधी पूर्ण उघडून सतरंजीवर अंथरलं, नऊ वार. अंगठ्याचा दाब द्यायची हिंमत होईना, तेव्हा खिडकीच्या उजेडातच पाहिलं. घड्यांच्या रेषांवर ते जागोजागी तुटलं होतं, आणि दोन घड्यांमधले भाग धड होते. म्हणजे कुठे कापायचं ते लुगड्यानेच ठरवून ठेवलं होतं. मी कात्री लावली ती फक्त तुटलेल्या रेषांवर. ग्रंथाची उंची, दोन्ही पुठ्ठ्यांची रुंदी, कण्याची जाडी आणि आत दुमडायला दोन्हीकडे चार-चार बोटं, असं माप घेतलं. अस्तराला नवी मलमल, आधी धुऊन वाळवलेली. मशीन वापरलंच नाही, कारण दाबपट्टीखालच्या दात्यांनी असं कापड ओढलं जातं. पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घातला, ओळीला ओळ लागून, बोटभर अंतराने. त्यामुळे विरलेले धागे मलमलीला धरून राहतात. मैत्रिणीने दोन वेष्टनं स्वतः शिवली, बाकीची मी. एका तुकड्यावर तेलाचा जुना डाग होता. तो मी आत दुमडायला निघाले तर ती म्हणाली, बाहेरच राहू दे, हे आईच्या हाताचं आहे. काम संपल्यावर उरलेल्या चिंध्या, अगदी बोटभर रुंदीच्यासुद्धा, मी एका पाकिटात घालून तिच्या हवाली केल्या.

समोरच्या काकूंचं काम याच्यानंतर आलं. काका पोस्टात होते, निवृत्तीनंतर बरीच वर्षं छान जगले आणि दोन वर्षांपूर्वी गेले. काकू एक दिवस शर्टांचा गठ्ठा घेऊन दारात. ‘ह्यांचे शर्ट कोणाले द्यावेसे वाटत नाही, अन् कपाटात पाहावतही नाही. तूच सांग, काय करू?’ त्यांची नातवंडं पुण्याला आणि हैदराबादला. मी म्हटलं, उशांचे अभ्रे करू, लहान, दिवाणावर ठेवायचे.

शर्टाचा अभ्रा करणं फार सोपं आहे, कारण त्याचं तोंड आयतंच मिळतं. शर्टाची सगळी बटणं लावून तो पालथा-उलथा करून नीट सपाट करायचा, आणि समोरच्या बाजूचा सोळा इंचांचा चौकोन असा आखायचा की बटणपट्टी बरोबर मधोमध येईल. शिवणीसाठी अर्धा-अर्धा इंच जास्त. तेवढाच चौकोन पाठीचा. दोन्हींच्या सुलट बाजू आत घेऊन चारही कडा शिवून टाकायच्या, आणि त्याआधी मधलं एक बटण आठवणीने उघडं ठेवायचं, नाहीतर अभ्रा सुलटा करायला हात आत जाणार कसा? मग बटणं उघडून अभ्रा उलटवायचा, उशी घालायची आणि बटणं लावायची. चेन नको, बंद नकोत.

खिसा मी तसाच ठेवला. काकांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाच्या तळाशी शाईचा निळा ठिपका होता, पेन खिशाला लावायची त्यांची सवय. काकूंनी तो ठिपका बोटाने दाखवला आणि म्हणाल्या, याला धुऊन घालवू नको. पुण्याच्या नातवाने त्या खिशात आपल्या शाळेचं ओळखपत्र ठेवायला सुरुवात केली आहे, म्हणजे सकाळी शोधावं लागत नाही. काकूंनी स्वतःसाठी एकही अभ्रा ठेवला नाही. त्यांनी काकांच्या दोन शर्टांच्या बाह्या मागून घेतल्या आणि त्यांचा झोपताना डोक्याखाली घ्यायचा एक बारकासा लोड करून घेतला, आत जुनाच कापूस पिंजून भरला.

बाळांच्या वस्तूंबद्दल थोडक्यात सांगते, कारण हे घरोघरी माहीत असलेलं काम आहे. नवजात बाळाला नवं कापड टोचतं, त्यात खळ असते. आजीचं शंभरदा धुतलेलं लुगडं तिथे लागतं. तीन पदरी दुपटं, मीटरभर लांब-रुंद, आणि धावदोरा कडेने सुरू करून आत आत फिरवत मध्यापर्यंत न्यायचा, म्हणजे पदर सरकत नाहीत. टोपड्याला आणि कुंचीला शिवण बाहेरच्या बाजूला ठेवते, आत बाळाच्या टाळूला काही घासू नये म्हणून. बटण नाही, हूक नाही, फक्त मऊ बंद. आजकाल बारशाला जे चकचकीत संच येतात त्यांना गळ्याशी नायलॉनची लेस असते. ती पाहून माझा जीव कळवळतो.

संक्रांतीला मात्र आमच्या या कामाला वेग येतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि वाण. कित्येक वर्षं वाणात प्लास्टिकचे डबे, चाळण्या, साबणदाण्या असत, आणि प्रत्येकीच्या माळ्यावर त्यांचा ढीग. मार्च 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा कापडी पिशव्यांची मागणी एकदम वाढली आणि आमच्या कॉलनीतल्या दोघी-तिघींनी मला विचारलं, वाणाला पिशव्या शिवून द्याल का, पैसे देतो. मी म्हटलं पैसे नकोत, तुमची साडी आणा आणि शिवायलाही तुम्हीच बसा. वाण तुमचं आहे, ते तुमच्याच पदराचं असू द्या. ‘ज्याचं कापड त्याच्या घरी’ याला हा एवढाच अपवाद, कारण वाण बरोबरीच्या बायका एकमेकींना देतात.

त्या बसल्या. डिसेंबरच्या दुपारी गच्चीवर उन्हात सतरंजी अंथरून आम्ही पिशव्या शिवतो. भाजीची पिशवी असेल तर तळाला दुहेरी कापड आणि बंद जिथे जोडतो तिथे चौकोनी शिवण, तिच्यात फुलीची टीप. सगळा भार तिथेच येतो. एक साडी विरलेले भाग सोडूनही आठ-नऊ पिशव्या देते. ज्या घरी हळदीकुंकू करत नाहीत त्यांनाही आम्ही तिळगूळ आणि पिशवी देतो. आमच्या इथे वाण घ्यायला कुंकवाची अट नाही, काकूही येतात आणि पहिली पिशवी त्यांच्या हाती जाते.

या घोळक्यात आता मिहान या इथल्या औद्योगिक प्रकल्पातल्या एका कंपनीत काम करणारी शेजारची मुलगी सुट्टीच्या दिवशी येते. तिचे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांची जुनी सुती खाकी पँट तिने आणली आणि विचारलं, भावासाठी काय करता येईल. भाऊ पोलिसात आहे, गडचिरोलीला, दिवस दिवस उन्हात फिरावं लागतं. मी तिला आमच्या लहानपणच्या छागलीबद्दल सांगितलं. जाड कापडाची ती पाण्याची पिशवी बैलगाडीला किंवा रेल्वेच्या खिडकीबाहेर टांगत. कापडातून पाणी झिरपून उडून जाई आणि आतलं पाणी गार राही. तेच तत्त्व धरून आम्ही पाण्याच्या बाटलीचं आवरण ठरवलं. बाहेर खाकी, आत जुन्या टर्किश टॉवेलचा पदर. ओलं करून टांगलं की वारा लागून बाटली गार. साध्या प्लास्टिकच्या किंवा एकपदरी स्टीलच्या बाटलीला ते चालतं, थर्मासला उपयोग नाही.

पँटीच्या पायाची एक शिवण आयती होती, ती तिने मोडली नाही. सुई सोळा नंबरची घातली. टॉवेल आणि खाकी मिळून जिथे चार पदर आले तिथे पाय मारणं थांबवून चाक हाताने फिरवलं, एकेक टाका. पट्ट्याला वडिलांच्या पँटीचीच कंबरपट्टी, तिच्यावरचे लूप तसेच ठेवून, म्हणजे भावाला ती आपल्या पट्ट्यात ओवता येईल. वडील मधेच येऊन बसले, त्यांनी पँट कुठल्या आगारात असताना शिवून घेतली होती ते सांगितलं, आणि मागचा खिसाही बाहेरून लावा म्हणाले, त्यात त्याला लिंबाच्या गोळ्या ठेवता येतील. खिसा लावला. मग तिने पावडरीच्या डब्यात चार लिंबाच्या गोळ्या, तिळाचे लाडू आणि ते आवरण असं पार्सल बांधलं आणि परवा पोस्टाने गडचिरोलीला पाठवलं.